साउथ ब्रिजखालची भुते

एडिंबरा शहरातील साउथ ब्रिजवरून चालणाऱ्यास आपण पुलावर आहोत याची जाणीव सहसा होत नाही. एकोणीस कमानींपैकी काउगेट रस्त्यावरची एकच आज उघडी दिसते. बाकीच्या इमारतींच्या मागे दडल्या आहेत. १७८८ मध्ये पूल पूर्ण झाला आणि या कमानींच्या पोटात सुमारे १२० खोल्या निघाल्या. तेथे चर्मकारांची दुकाने, गुत्ते, कोठारे थाटली गेली. पण बांधताना पाणी अडविण्याची तजवीज झाली नव्हती. भिंती पाझरू लागल्या, व्यापारी निघून गेले, आणि ज्यांना वर जागा नव्हती ती माणसे खाली राहावयास आली. पुढे एकोणिसाव्या शतकातच राडारोडा टाकून खोल्या बुजविण्यात आल्या.

१९८० च्या दशकात माजी रग्बीपटू नॉरी रोवन यांना या भुयारांची वाट सापडली. राडारोडा उपसला तेव्हा कालवांचे शिंपले, ताटल्या, औषधाच्या बाटल्या, मुलांची खेळणी हाती आली. कालवे हे त्या काळी गरिबांचे अन्न होते. या वस्तूंच्या पाठोपाठ पर्यटक आले, आणि पर्यटकांबरोबर भुते: बूट आपटीत फिरणारा 'मिस्टर बूट्स', हात धरणारा लहानगा जॅक. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी २००१ मध्ये दोनशेहून अधिक स्वयंसेवकांना येथे नेले. झपाटलेल्या म्हणून ख्यात असलेल्या खोल्यांतच विचित्र अनुभव अधिक आले. मात्र त्यांचा संबंध छताची उंची, उजेडातील फरक अशा गोष्टींशी आढळला.

आम्हांला अधिक अस्वस्थ करते ती येथली दुसरी दंतकथा. बर्क आणि हेअर हे मारेकरी प्रेते याच तळघरांत लपवीत, असे पर्यटकांना हमखास ऐकविले जाते. त्यास पुरावा नाही. १८२८ मध्ये या दोघांनी सोळा माणसे मारली, ती बहुतांशी वेस्ट पोर्ट भागात, हेअरच्या भाड्याच्या खोल्यांत; आणि प्रेते विकली सर्जन्स स्क्वेअरमधील प्रतिष्ठित शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. रॉबर्ट नॉक्स यांना. विच्छेदनाच्या वर्गांना प्रेते हवी होती आणि कायदेशीर पुरवठा तोकडा होता. दंतकथेने केले काय, तर गुन्हा उचलून अंधारात, गरिबांच्या वस्तीखाली नेऊन ठेवला. तेथे तो शोभून दिसतो. व्याख्यानगृहातील मेज, तेथे दाटीने बसलेले विद्यार्थी, चुकती केलेली रक्कम या गोष्टी कथेच्या कडेला राहतात. भूतकथेचा अभ्यास करताना भूत कोठे दिसते याइतकेच ते कोठे दिसत नाही हेही आपण नोंदवावयास हवे, असे आम्हांस वाटते. नॉक्स यांच्या वर्गात भुते हिंडल्याचे कोणी सांगत नाही.

हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी दिले. त्याचा सांगाडा एडिंबरा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. डॉ. नॉक्स यांच्यावर खटला भरला गेला नाही.