फ्यूज, कान आणि मन

घरीं बसून उत्तम संगीत ऐकावें, ही हौस निर्दोष आहे. परंतु तिच्या आश्रयानें एक विलक्षण बाजार उभा राहिला आहे. ध्वनिवर्धक यंत्रांत बोटाच्या पेराएवढी एक कांचेची नळी असते. तिला आपण फ्यूज म्हणतों. ती काढून तेथें चांदीसोन्याचा उंची फ्यूज बसवला म्हणजे गायकाचा आवाज अधिक मोकळा होतो, असें सांगून कांहीं व्यापारी एकेका नळीचे शेंकडों डॉलर घेतात. ती कोणत्या दिशेनें बसवली असतां गाणें गोड लागतें, हेंहि पाहावयास ते सांगतात. यांत तथ्य किती? गंमत अशी कीं, या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंस एकच पुरुष उभा आहे: टॉमस अल्वा एडिसन.

विजेचे दिवे घरोघर नेतांना मोठा धोका होता तो आगीचा. तारेंतून मर्यादेबाहेर प्रवाह गेला कीं ती तापते. त्यावर उपाय असा कीं, मार्गांत मुद्दाम एक दुबळी तार ठेवावयाची. प्रवाह वाढतांच ती वितळते आणि मार्ग तुटतो. अशा एका योजनेचें पेटंट एडिसननें १८९० सालीं मिळविलें. म्हणजे फ्यूज हा घराचा पहारेकरी आहे. त्याला गातां येत नाहीं. वीज कित्येक मैल साध्या तारांतून येते. तिला शेवटच्या इंचभर नळीनें कोणता संस्कार व्हावा? शिवाय आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते. प्रवाह दोन्ही दिशांनीं सारखाच वाहतो. मग नळीला सुलटी बाजू कोठून असणार?

तर मग ज्यांना फरक ऐकूं येतो ते खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. येथें एडिसनची दुसरी करामत पाहावी. १९१५ पासून त्याच्या कंपनीनें आपल्या तबकड्यांच्या जाहीर परीक्षा भरविल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारीं यंत्र. गातां गातां दिवे मालवीत, आणि आवाज कोणाचा तें श्रोत्यांनीं ओळखावें. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें मारी रॅपोल्ड हिचा असाच प्रयोग झाला. भेद कळत नाहीं, असें पुष्कळांनीं मानलें. त्या तबकड्यांची खरखर आज कोणालाहि ओळखतां येईल. यंत्राशीं जुळावा म्हणून आपण आवाज आवरून गात होतों, असें अ‍ॅना केस या गायिकेनें पुढें सांगितलें. मनानें जें अपेक्षिलें, त्यालाच कानांनीं रुकार दिला.

१९९४ मध्यें फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनीं ४० श्रोत्यांना चार ध्वनिक्षेपक ऐकविले. एकदां डोळ्यांसमोर ठेवून, एकदां पडद्याआड. दिसत असतां श्रोत्यांचें मत आकार, किंमत व नांव यांच्याकडे झुकलें. पडदा पडतांच तें बदललें.

म्हणून उंची फ्यूज घेण्यापूर्वीं घरींच परीक्षा करावी. दुसऱ्या माणसानें आपणांस न सांगतां फ्यूज बदलावा किंवा तसाच ठेवावा. आवाजाची उंची तंतोतंत सारखी असावी, कारण किंचित् मोठा आवाज कानाला नेहमींच सरस वाटतो. आपण केवळ ऐकून उत्तर लिहावें, आणि हें पंधरा-वीस वेळां करावें. उत्तरें नाणेफेकीहून बरीं न निघालीं, तर पैसे खिशांतच राहूं द्यावे. यंत्र उघडण्यापूर्वीं त्याची वायर भिंतींतून काढावी. फ्यूज नेमून दिलेल्या अँपिअरचा, व्होल्टचा व जातीचाच असावा. भलताच जाड फ्यूज घातला तर पहारेकरी झोपेल आणि आग लागेल.

खरी सुधारणा हवी असल्यास ध्वनिक्षेपकांची जागा बदलून पाहावी, उघड्या भिंतीवर जाड पडदा लावावा, सतरंजी अंथरावी. हा फरक डोळे मिटूनहि ऐकूं येतो, आणि त्यास शेंकडों डॉलर लागत नाहींत.