शुमान अनुनाद आणि भूचुंबकीय नोंदींची परंपरा : कुलाबा, अलिबाग व वर्धा जिल्हा

प्रस्तावना

पृथ्वीचा पृष्ठभाग आणि वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर हे दोन्ही विद्युतवाहक थर होत. त्यांच्या दरम्यानची हवा मात्र विजेची अत्यंत मंदवाहक आहे. त्यामुळे पृथ्वीभोवती एक प्रचंड गोलाकार पोकळी तयार झालेली आहे. जगात दर सेकंदाला सरासरी ४५ च्या आसपास विजा चमकतात व त्यांतून निघणाऱ्या अतिमंद कंप्रतेच्या विद्युतचुंबकीय लहरी या पोकळीतून पृथ्वीला वळसा घालतात. ज्या लहरी फिरून येताना स्वतःशीच जुळतात त्या बळावतात, उरलेल्या विरून जातात. या नैसर्गिक घटनेला शुमान अनुनाद असे म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ विनफ्रीड ओटो शुमान यांनी म्युनिक येथे १९५२ मध्ये तिचे सैद्धांतिक भाकीत केले. १९६० मध्ये बाल्सर व वॅग्नर या अमेरिकी संशोधकांनी प्रत्यक्ष मापनाने ते सिद्ध केले.

शुमान अनुनाद हा विषय तुलनेने नवा असला तरी पृथ्वीचे सूक्ष्म विद्युतचुंबकीय संकेत टिपण्याची परंपरा महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. प्रस्तुत निबंधात त्या परंपरेचा आढावा घेऊन शुमान अनुनादाच्या मापनाचा व अर्थनिर्णयनाचा विचार वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. उपकरण कितीही संवेदनशील असले तरी शांत जागा आणि अखंड नोंद यांवाचून त्याच्या आकड्यांना अर्थ प्राप्त होत नाही, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

कुलाबा वेधशाळेचा आरंभ

मुंबईतील कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली. खगोलीय वेध व जहाजांसाठी अचूक वेळ हे तिचे मूळ हेतू होते. गाउस व वेबर यांनी गटिंगेन येथून चालविलेल्या सहकार्यामुळे जगभर एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे घेण्याची कल्पना त्या काळात रूढ होत होती. याच वातावरणात एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली १८४१ मध्ये कुलाब्यास चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली.

मराठी समाजाच्या बौद्धिक इतिहासाशीही या वेधशाळेचे नाते आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचा कार्यभार सांभाळला. पुढे गणिती व ज्योतिषी म्हणून ख्यातकीर्त झालेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी ऐन तारुण्यात येथे निरीक्षणाचे काम केले. ठरलेल्या वेळी चुंबकसूचीची स्थिती डोळ्यांनी वाचून वहीत उतरविणे, हे काम रात्रंदिवस करावे लागे.

या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींचे मोल १८५९ मध्ये दिसून आले. १ सप्टेंबर रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरील तेजस्वी उद्रेक पाहिला. दुसऱ्या दिवशी कुलाबा येथे चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. या नोंदीचा सविस्तर अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्ञात इतिहासातील एका अत्यंत तीव्र चुंबकीय वादळाचे मोजमाप त्यातून हाती आले. म्हणजे नोंद करणारे आणि तिचा अर्थ लावणारे यांच्यात जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर होते. नोंद अखंड राहिली म्हणूनच ते ओलांडता आले.

विजेची ट्राम आणि अलिबाग

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामला पुरविलेला वीजप्रवाह रुळांवाटे परतताना काही अंशी जमिनीत झिरपतो व त्याचे चुंबकीय क्षेत्र निसर्गाच्या सूक्ष्म बदलांत मिसळते. तेव्हाचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांच्यासमोर शहराची सोय आणि वेधशाळेची शांतता असा पेच उभा राहिला.

यावर काढलेला मार्ग आजही अनुकरणीय ठरावा असा आहे. कुलाब्याच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतींसाठी लोहविरहित पोरबंदरी दगड निवडण्यात आला. जुने केंद्र मात्र लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. दोन्हींतील फरक निश्चित झाल्यावरच कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबविण्यात आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तोवर नोंदींची साखळी सुरक्षित जागी जोडली गेली होती. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील कुलाब्याची आकडेवारी संपादित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केली. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिच्या आधिपत्याखाली अलिबागचे काम पुढे चालू राहिले.

शुमान अनुनादाचे मापन

वेधशाळेतील नित्याचे चुंबकमापक आणि शुमान अनुनादाची उपकरणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्या प्रकारची उपकरणे संथ बदल टिपतात. अनुनादाच्या लहरी मात्र सेकंदाला सुमारे ७.८, १४, २०, २६ व ३३ आंदोलने या कंप्रतांवर आढळतात. प्रकाशाच्या वेगाला पृथ्वीच्या परिघाने भागल्यास ७.५ हा आकडा येतो, हे आकर्षक साम्य होय. परंतु गोलाकार पोकळीच्या काटेकोर गणितात, दोन्ही थर आदर्श वाहक मानल्यास, पहिली कंप्रता १०.६ हर्ट्झ येते. आयनांबर आदर्श वाहक नसल्याने लहरींची ऊर्जा त्यात झिजते व कंप्रता ७.८ हर्ट्झपर्यंत उतरते.

या लहरींचे चुंबकीय क्षेत्र साधारण एक पिकोटेस्ला इतके क्षीण असते. महाराष्ट्रातील पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र त्याहून सुमारे चार कोटी पटींनी मोठे आहे. म्हणून चुंबकीय गाभ्यावर तारेचे हजारो वेढे दिलेली दोन वेटोळी, एक उत्तर-दक्षिण व दुसरे पूर्व-पश्चिम, जमिनीत पुरून ठेवतात आणि सेकंदाला शंभराहून अधिक वाचने घेतात. वाऱ्याने हलणारे झाड, जवळून जाणारे वाहन, लोखंडी कुंपण यांपैकी काहीही मूळ संकेत झाकून टाकण्यास पुरेसे असते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी अंटार्क्टिकावरील मैत्री केंद्रासारख्या निर्मनुष्य स्थळी हे मापन केले, त्यामागील कारण यावरून ध्यानात येते.

अर्थनिर्णयनाचा प्रश्न

अनुनादाची तीव्रता जगातील विजांच्या एकूण प्रमाणाशी निगडित असते. भारतीय वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास आग्नेय आशियातील, सायंकाळी साडेसातच्या सुमारास आफ्रिकेतील आणि रात्री दीडच्या सुमारास अमेरिका खंडातील वादळांचा जोर असतो. हे तीन चढ एकाच केंद्रावरील नोंदीत ओळखता येतात. उष्ण कटिबंधातील तापमान आणि अनुनादाची तीव्रता यांचा संबंध अर्ल विल्यम्स यांनी १९९२ मध्ये दाखविला. त्यामुळे हवामानबदलाच्या अभ्यासात या मापनाला स्थान मिळाले. कंप्रतेतील दशांशांचे चढउतार प्रामुख्याने आयनांबराची स्थिती सांगतात व सौर उद्रेकांनंतर ते विशेष जाणवतात.

याउलट, ‘पृथ्वीचे स्पंदन’ वेगाने वाढत असून मानवी मनावर त्याचा परिणाम होत आहे, असे दावे अलीकडे लोकप्रिय झाले आहेत. पहिली कंप्रता मुख्यतः पृथ्वीच्या आकारमानावर अवलंबून असते. ती दुप्पट होण्यासाठी पृथ्वीचा परिघ जवळपास निम्मा व्हावा लागेल. आलेखातील एखादा ठळक पट्टा हा तीव्रतेतील वाढ दर्शवितो, कंप्रतेतील नव्हे, आणि बहुधा त्याचे कारण केंद्राजवळचा गोंगाट किंवा जवळची वीज हेच असते. तुलनेसाठी दुसऱ्या केंद्राची नोंद नसेल तर खरे आणि खोटे वेगळे करण्याचे साधनच उरत नाही. अलिबागच्या दोन वर्षांच्या समांतर निरीक्षणांचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यापासून जवळ, नागपूर येथे भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा आहे. असे असले तरी शुमान अनुनादाच्या मापनाच्या दृष्टीने जिल्ह्याची स्थिती संमिश्र आहे. मुंबई–हावडा व दिल्ली–चेन्नई हे विद्युतीकृत लोहमार्ग वर्धा–सेवाग्राम परिसरात एकत्र येतात. ७६५ किलोव्होल्टचे मोठे वीज उपकेंद्रही जिल्ह्यात आहे. या साऱ्यांचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट अनुनादाच्या पाचव्या कंप्रतेच्या वर असल्याने गाळणीने बराचसा वगळता येतो. परंतु भार बदलताना उठणारे झटके वगळणे कठीण असते. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरासारखे वस्तीपासून दूरचे भाग तुलनेने शांत म्हणता येतील. तथापि तेथेही वृक्षांची हालचाल विचारात घ्यावी लागेल. शंभर वर्षांपूर्वी ट्रामने मुंबईत उपस्थित केलेला प्रश्न आज विदर्भातही टळलेला नाही.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मे-जून महिन्यांत पेरणीपूर्व मशागतीच्या वेळी शेतात असलेल्या माणसाला वीज हा जीवावरचा धोका असतो. शुमान अनुनाद हा समस्त जगातील विजांची बेरीज सांगतो. आर्वी किंवा हिंगणघाट तालुक्यातील एखाद्या शिवारावर वीज पडेल किंवा कसे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी अनेक ठिकाणी संवेदक बसवून विजेच्या लहरी पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून स्थान ठरविणारी जाळी लागतात. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे जाळे व त्यावर आधारित ‘दामिनी’ ही भ्रमणध्वनीवरील सेवा या प्रकारची आहे. एका साधनाकडून दुसऱ्याचे काम अपेक्षिणे शास्त्रदृष्ट्या चूक तर आहेच, शिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने ते घातक आहे.

निष्कर्ष

कुलाब्याच्या वहीत १८५९ साली आकडे उतरविणाऱ्यांना त्यांचा पूर्ण अर्थ ज्ञात नव्हता. तो पुढे लावता आला, कारण नोंद प्रामाणिक होती, तिच्यात खंड नव्हता आणि जागा बदलताना दोन्ही केंद्रांचा ताळा जमविण्याची दक्षता घेतली गेली. शुमान अनुनादाच्या अभ्यासालाही हेच निकष लागू पडतात. विदर्भातील महाविद्यालयांनी या विषयाकडे वळायचे झाल्यास महागड्या उपकरणाआधी शांत जागेचा शोध, तुलनेसाठी दुसरे केंद्र आणि वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याची तयारी यांचा विचार व्हावयास हवा. एरवी पृथ्वीचा म्हणून टिपलेला संकेत जवळच्या विजेच्या तारेचाच निघण्याची शक्यता राहील.