धुराने चढवलेलं सोनं

मागे सरका. अजून थोडं. खड्ड्याच्या काठावर उभे राहिलात तर भुवया जळतील.

तुम्ही काशानमध्ये आहात, इराणच्या वाळवंटाला टेकलेल्या गावात, आणि तेरावं शतक संपत आलंय. समोरची भट्टी सकाळपासून धगधगतेय. घामाने निथळणारा तो माणूस हातभर लांब दांड्याच्या लोखंडी पळीने आतला रस ढवळतोय, आणि त्याला थांबायची मुभा नाही. आत गारगोटीची पूड आहे आणि जवळजवळ तितकीच राख, खाऱ्या जमिनीत उगवणाऱ्या एका झुडपाची. आठ तास ढवळल्यावर दोन्ही एकजीव होतात आणि काचेचा लालभडक रस तयार होतो. आता तो पळी भरतोय. समोर पाण्याने भरलेला खड्डा आहे. कान झाकून घ्या!

कडाडलं ना? पायाखालची जमीन हादरली, तोंडावर गरम वाफेचा झोत आला, पोटात धस्स झालं. पहिल्यांदा हा आवाज ऐकणारा माणूस थरथर कापत गुडघ्यांवर येतो, असं याच गावच्या अबुल कासिमने लिहून ठेवलंय. तो इथल्या नामांकित कुंभार घराण्यातला. स्वतः दरबारात लेखक झाला, पण १३०१ च्या सुमारास रत्नं आणि सुगंधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिताना शेवटी घरचा धंदाही त्याने मापांसकट लिहून ठेवला. आपण इतक्या आत शिरू शकलो ते त्याचंच बोट धरून.

हा सगळा खटाटोप झिलईसाठी. नुसती राख पाण्यात विरघळून जाते, भांड्यावर नीट बसत नाही. तिची गारगोटीबरोबर काच केली आणि ती पाण्यात टाकून तडकवली, की कुटून वस्त्रगाळ करता येते आणि पाण्यात कालवून भांड्यावर चढवता येते.

आता उजवीकडच्या अंगणात या. नाकावर फडकं बांधा, इथली धूळ छातीत बसते. पोरं गारगोट्या फोडतायत. पांढऱ्या, आरपार, हुबेहूब खडीसाखर. पण जिभेवर ठेवू नका, दात जाईल. भांड्यांची मातीसुद्धा याच दगडाची. दहा भाग गारगोटी, एक भाग मघाची काच आणि एकच भाग चिकट पांढरी माती. चीनमधून येणारी पांढरीशुभ्र भांडी इथल्या लोकांनी पाहिली आहेत. तसली माती या डोंगरांत नाही, म्हणून यांनी दगड दळून पांढरेपणा मिळवला. मला या लोकांबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

मळलेल्या गोळ्याला हात लावून बघा. खरखरीत लागतो, ओढला तर तुटतो. आपल्या नदीकाठच्या गाळासारखा तो बोटांचं ऐकत नाही. म्हणून रात्रभर मुरवायचा, सकाळी हातांनी बडवायचा आणि मगच उस्तादांच्या चाकावर द्यायचा. अर्धवट वाळल्यावर भांडं तासून घेतात, त्याला बूड बसवतात, आणि पूर्ण वाळलं की ओल्या सुती फडक्याने पुसून त्याच्यावरच्या रेघा मोडतात. पुसणाऱ्या मुलाचा हात बघा किती हलका आहे. याच्याहून जरा जास्त जोर पडला तर काठ हातात येईल.

पुढच्या खोलीत जरा गारवा आहे, पण शिशाचा धूर घशाला लागतो. इथे शिसं आणि कथील एकत्र वितळवून वर येणारी भुकटी खरडून काढतात. ती झिलईत मिसळली की काच आरपार राहत नाही, दुधासारखी पांढरी होते. शेजारी जाळलेलं तांबं खलतायत. राखेच्या काचेत तांबं पडलं की फिरोजी रंग येतो, आणि शिसं जास्त असेल तर तेच तांबं हिरवं होतं. कोपऱ्यातला तो काळसर दगड हातात घ्या, जड आहे. जवळच्या कमसर गावच्या डोंगरातला. यातून गर्द निळा निघतो, आणि तो सुलेमान पैगंबराने शोधून काढला असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात.

मौज अशी की यातलं काहीही आत्ता दिसत नाही. फळीवर रांगेने ठेवलेली भांडी सगळी सारखीच मळकट आहेत. फिरोजी कुठलं, निळं कुठलं, हे फक्त रंगवणाऱ्याला माहीत. त्याने आज तांबं चिमूटभर वाढवलंय, आणि ते बरं केलं की वाईट हे कळायला आठवडा जाणार.

कारण आता मोठी भट्टी. ती बुरुजाएवढी उंच आहे. आतल्या भिंतींना ओळीने भोकं, आणि त्यांत दीड हात लांबीच्या भाजक्या मातीच्या खुंट्या. प्रत्येक भांडं आधी झाकणाच्या मातीच्या डब्यात जातं, मग डबा खुंट्यांवर. सरपण आणायला मदत करणार असाल तर ढिगात हात घालण्यापूर्वी वाकून बघा, काशानचे विंचू दूरवर प्रसिद्ध आहेत.

बारा तास सारखी आच लागते. तोंड भाजतं, ओठ फुटतात, पाठीवरचा सदरा वाळून मिठाने ताठ होतो. बाहेर गाढवं ओरडतायत, पाणी विकणारा हाका मारतोय, आणि इथे मात्र सगळ्यांचे डोळे धुराड्याकडे. तुम्ही उत्साहाने ओंडका उचललात तोच पाठीमागून आवाज आला ना?

“पोरा, धूर गेला का आधी?”

आधीच्या लाकडाचा धूर पूर्ण थांबल्याशिवाय नवं लाकूड टाकायचं नाही, हा इथला कडक नियम. धूर आत घुमला तर भांडी काळवंडतात आणि महिन्याभराची मेहनत जाते. म्हणून ओंडका धरून उभे राहा. मग आठवडाभर भट्टी निवू द्यायची. घाईने उघडली तर गार वाऱ्याने झिलईला तडे जातात.

भांडी निघाली. पांढरी, निळी, फिरोजी, बोट फिरवलं तर गार आणि गुळगुळीत. दुसऱ्या बहुतेक गावांत एवढ्यावर काम संपलं असतं आणि भांडी बाजारात गेली असती. काशानची ख्याती मात्र पुढच्या कामावर आहे.

चित्रकाराच्या खोलीत शिर्क्याचा आंबट वास आहे. पाट्यावर आहे हरताळ, मनशीळ, सोनेरी-रुपेरी माक्षिक, पिवळं कासीस, जाळलेलं तांबं. हरताळ आणि मनशीळ म्हणजे सोमलाचेच नातेवाईक, तेव्हा बोटं तोंडात घालू नका. यात मिसळायची ती शुद्ध चांदी, जाळून चोवीस तास दगडावर घोटलेली. शिर्क्यात किंवा द्राक्षाच्या रसात कालवल्यावर हे सगळं चिखलासारखं तपकिरी दिसतं. इतकी महाग चांदी घालून इतका कळाहीन रंग! आणि त्याने हा माणूस एका पांढऱ्या वाडग्यावर चंद्रासारख्या गोल तोंडाची माणसं काढतोय, त्यांच्याभोवती वेली, मध्येच कान टवकारलेला ससा. रंग ओला आहे तोवर अणकुचीदार काडीने त्यात बारीक वळणं खरवडतोय, की खालचा पांढरा दिसावा. काठावरून फारसी कविता फिरते. खोली अरुंद आहे, माशा आहेत, माणूस मात्र मानही वर करत नाही.

हे वाडगे दुसऱ्या, खास बांधलेल्या भट्टीत जातात. आच मंद. आणि आता जे होतं ते पाहून तुम्ही नक्की ओरडणार, कारण मघाशी ज्या धुरासाठी तुम्हाला ओंडका धरून उभं केलं तोच धूर आता मुद्दाम आत कोंडतायत. बहात्तर तास. डोळ्यांतून पाणी येतं, घसा बसतो, केसांचा वास आठवडाभर जात नाही. कोंडलेल्या धुराला प्राणवायू मिळत नाही, म्हणून तो चांदी आणि तांब्यातला ओढून घेतो. उरतात धातूचे अतिसूक्ष्म कण, आणि ते आचेने जेमतेम मऊ झालेल्या झिलईत रुतून बसतात. हा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. आच जरा जास्त झाली तर झिलई वितळू लागते आणि चित्र बिघडतं, कमी पडली तर कण धरतच नाहीत. मापायला काही नाही. उस्ताद ज्वाळेचा रंग बघतात आणि नाकाने धुराचा अंदाज घेतात, त्यावर सगळं चालतं.

अडीचशे वर्षांनी इटलीत पिक्कोलपास्सो नावाचा माणूस याच जातीच्या भाजणीबद्दल लिहील, की शंभरांतली जेमतेम सहा भांडी चांगली निघतात. ते मनात ठेवा आणि दार उघडताना बघा.

सगळं काळंकुट्ट. वाडगे काजळीने माखलेत, चित्र नावालाही दिसत नाही. पोरगा ओली माती घेतो आणि घासायला लागतो. तुम्हीही एक घ्या. बोटांखाली मऊ काजळी सुटते, माती करकरते, आणि अचानक काठाकडून एक रेघ चमकते. अजून घासा. सशाचा कान आला, मग चेहरा, मग सगळी वेल, लालसर सोनेरी. वाडगा थोडा तिरका करा, उजेड त्याच्यावरून धावत जाईल. यात सोन्याचा कणही नाही.

शेजारच्या मुलाच्या हातातला वाडगा मात्र कितीही घासला तरी मातकट तपकिरीच राहिलाय. त्याच्या पलीकडच्याचं चित्र धरलंच नाही, मातीबरोबर निघून गेलं आणि खाली नुसता पांढरा वाडगा राहिला. कोणी हळहळत नाही. उस्ताद तिन्ही वाडगे दारातल्या उन्हात शेजारी शेजारी ठेवतात, कुठला कोणत्या खुंटीवर होता ते विचारतात, बराच वेळ न्याहाळतात.

“पुढच्या खेपेला माक्षिक नको. त्याच्याऐवजी गेरू आणि तांबं घालून बघू. आणि चांदी अजून बारीक हवी.”

आणि तुमच्याकडे बघून ते पाट्याकडे बोट दाखवतात. बसा. चोवीस तास घोटायचंय, तासाभराने हात बदलायला कोणीतरी येईल.