१७. भरपाईचा अर्ज

कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ (अंमल १ जुलै १९२४) याखालचा दावा. खामगाव ही वऱ्हाडातली मोठी कापूसपेठ. १८७० मध्येच जलंबहून तिथे रेल्वेचा फाटा आला. इथल्या जिनात रेच्यावर कापूस लोटताना मजुरांची बोटे रोलरमध्ये सापडत. कोणत्या इजेने कमाईची ताकद किती घटली, हे कायद्याच्या परिशिष्टातच ठरलेले असे : १९६२ च्या दुरुस्तीनंतर अंगठ्याला ३० टक्के, एका हाताच्या चारही बोटांना ५०, पंजाला ६०. मजूर ठेकेदाराने आणलेला असला तरी दावा जीनमालकावर करता येई (कलम १२). हंगामी मजुरांना खरा आधार याच कलमाचा, म्हणून मजकुरातला मुकादमाचा ‘तू आमचा नाहीस’ हा जबाब कायद्यापुढे टिकणारा नव्हता. मजूर दगावल्यास रक्कम नुकसानभरपाई आयुक्तांकडेच भरावी लागे. घरी येऊन वारसांच्या हातावर टेकवलेले पैसे, ठरावीक मर्यादेपर्यंतची उचल सोडता, भरपाईत धरले जात नसत. पुढे विधवेने अंगठा उठवलेली पावती आयुक्तांनी बाजूला सारली, ती यामुळेच.