मक्ता ते फ्रँचायझी : धारूरच्या वीजबिलामागचा इतिहास

धारूरमधल्या घरगुती वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे निरनिराळे रकाने असतात. बिल भरणाऱ्याची नजर बहुधा शेवटच्या आकड्यावरच स्थिरावते. यांपैकी एकही दर धारूरच्या वीज कार्यालयात ठरत नाही. तो कोणी ठरवावा, कोणाला विचारून ठरवावा आणि बदलण्याआधी लोकांना कळवावे की नाही, हा वाद मराठी मुलुखात विजेपेक्षाही जुना आहे.

बालाघाटाच्या डोंगररांगेतील हे गाव आदिलशाहीतील किल्ल्यामुळे प्रसिद्ध झाले, मोगल काळात ‘फतेहाबाद’ म्हणून ओळखले गेले आणि पुढे निजामाच्या राज्यात राहिले. त्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः चंदुलालच्या कारभारात, महसूल वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत बोकाळली होती. ठरलेली रक्कम सरकारात आगाऊ भरावी आणि रयतेकडून किती उकळावे ते मक्तेदाराने पाहावे, असा तो व्यवहार. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगाने ही पद्धत टप्प्याटप्प्याने मोडीत काढली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदीची व्यवस्था आणली. ‘मक्तेदारी’ हा शब्द मात्र मराठीत कायमचा राहिला, तोही कडवट चवीसह.

मक्त्याचा दोष खाजगी माणसाने वसुली करावी यात नव्हता. वसुली करणाराच दरही ठरवीत असे, हा खरा दोष. शहराच्या सेवांसाठी पुढे जे करार झाले, त्यांचा सगळा इतिहास या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करण्याचा आहे.

पहिला मोठा प्रयोग मुंबईत झाला. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रॅमवे कंपनी स्थापन झाली. कंपनी, नगरपालिका आणि स्टर्न्स अँड किटरेज ही पेढी यांच्यात करार झाला, त्याला १८७४ च्या ट्रामविषयक कायद्याचे बळ मिळाले आणि ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीकडे धावली. आरंभीचे भाडे तीन आणे होते. प्रवासी वाढले तसे ते दोन आण्यांवर आले.

त्या करारातील सर्वांत महत्त्वाचे कलम घोड्यांविषयी नव्हते, रुळांविषयीही नव्हते. ठरावीक मुदतीनंतर हा सारा उद्योग विकत घेण्याचा हक्क नगरपालिकेने स्वतःकडे राखून ठेवला होता. रस्ता शहराचा आहे, कंपनीला तो काही काळ वापरायला दिला आहे, ही जाणीव त्यामागे होती. १८९९ मध्ये कंपनीने विजेच्या ट्रामची परवानगी मागितली आणि भांडवल मोठे लागणार म्हणून १९०१ मध्ये येणारा खरेदीचा हक्क नगरपालिकेने सोडावा, अशी अट घातली. नगरपालिकेने उलट कंपनीच ताब्यात घ्यायचे ठरवले आणि प्रकरण कायदेशीर गुंत्यात अडकले.

विजेची कथा याहून चमत्कारिक. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळण्याचा करार एका कंपनीशी झाला. पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांकडे वळली. करार कागदावर कितीही पक्का असला, तरी करार करणाराच बुडाला तर काय करायचे, हा धडा मुंबईला इतक्या लवकर मिळाला होता. अखेर १९०५ मध्ये ट्राम कंपनी, नगरपालिका आणि ब्रश इलेक्ट्रिकल कंपनी यांच्या सह्यांनी वीजपरवाना झाला, त्यातून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी उभी राहिली आणि मे १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. खरेदीचा हक्क मात्र शाबूत राहिला. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने तो बजावला आणि वीज व वाहतूक दोन्ही शहराच्या मालकीची झाली. आजची ‘बेस्ट’ ती हीच.

दराचे काय? १९१० च्या वीज कायद्याने परवानाधारकांना चौकट घातली आणि १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याच्या सहाव्या अनुसूचीने त्यांच्या नफ्याला ‘वाजवी परताव्या’ची मर्यादा आखली. दर वाढवायचा तर परवानाधारकाने पूर्ण साठ दिवस आधी लेखी सूचना द्यायची. ही सूचना जाई राज्य सरकारला आणि वीज मंडळाला. ज्याच्या खिशातून पैसे जाणार, त्याला ती देण्याची गरज कायद्याला वाटली नव्हती.

मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. १९७१ मध्ये बीड जिल्ह्यातच परळीचे औष्णिक केंद्र सुरू झाले. धारूरपासून ते फार दूर नाही. पण वीज शेजारी तयार होते म्हणून तिच्या दरात धारूरकरांना काही म्हणता येत होते, असे नाही. दर मंडळ ठरवी, सरकार त्यात आपल्या गरजेप्रमाणे हात घाली, आणि ग्राहकाला बिलावरच नवा आकडा दिसे.

ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आला आणि मे २००० मध्ये त्याचा पहिला दर आदेश निघाला. २००३ च्या विद्युत कायद्याने पुढची चौकट पक्की केली. कलम ६४ प्रमाणे वितरण कंपनीला दरवाढीचा अर्ज आयोगाकडे करावा लागतो आणि तो संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करावा लागतो. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत छापली जाणारी, कोष्टकांनी भरलेली ‘जाहीर सूचना’ ती हीच. लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. साठ दिवसांची जी सूचना पूर्वी मंत्रालयात जाऊन थांबत असे, ती अशा रीतीने वाचकाच्या दारापर्यंत आली. ती वाचली जाते का, हा निराळा प्रश्न. मराठवाड्यासाठीची सुनावणी छत्रपती संभाजीनगरात होत आली आहे आणि घाट उतरून तेथवर जाणारा धारूरचा ग्राहक विरळाच.

याच कायद्याने ‘फ्रँचायझी’ हा जुना पाहुणा नव्या वेषात आणला. वितरण परवाना महावितरणचाच राहतो. विशिष्ट भागात तिच्या वतीने वीज वाटण्याचे व वसुली करण्याचे काम दुसऱ्या कंपनीला दिले जाते. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीत टोरंट पॉवरने हे काम हाती घेतले. तेव्हा तेथे गळती, चोरी आणि न झालेली वसुली मिळून तोटा सुमारे ५८ टक्के होता. म्हणजे शंभर युनिट वीज शहरात गेली तर जेमतेम बेचाळीस युनिटांचे पैसे हाती येत. करारानुसार कंपनीने शहराच्या वेशीवर मोजलेल्या प्रत्येक युनिटमागे बोलीत ठरलेला दर महावितरणला द्यायचा. गळती कमी केली तर उरलेले कंपनीचे, वाढली तर तोटाही तिचाच. काही वर्षांतच तोटा वीस टक्क्यांच्या खाली आला.

येथे सालारजंगाच्या आधीचा मक्ता आणि ही फ्रँचायझी यांतला फरक स्पष्ट होतो. रक्कम ठरलेली, वसुली खाजगी, एवढे साम्य खरेच. परंतु ग्राहकाचा दर फ्रँचायझीला ठरवता येत नाही. महावितरणला आयोगाने जो दर मंजूर केला, तोच भिवंडीत लागू होतो आणि तोच धारूरमध्ये.

म्हणूनच चुकीची बोली लावणाऱ्याला पळवाट उरत नाही. मे २०११ मध्ये औरंगाबादेत जीटीएलने आणि नागपूरच्या काही भागांत स्पॅन्कोने काम घेतले. त्याच वर्षी जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जकडे गेले. गळती अपेक्षेइतकी घटली नाही, तर महावितरणचे देणे थकते आणि दर वाढवून ते भरून काढण्याची सोय नसते. औरंगाबादचा करार थकबाकीवरून नोव्हेंबर २०१४ मध्ये संपुष्टात आला, जळगावचा २०१५ मध्ये, नागपूरचा २०१९ मध्ये. तिन्ही शहरांत दिवे लागतच राहिले, कारण परवाना महावितरणने सोडलेला नव्हता. १८८३ मध्ये क्रॉफर्ड मार्केटवर आलेली पाळी त्यांच्यावर आली नाही.

पाण्याच्या बाबतीत ही व्यवस्था अपुरीच राहिली आहे. औरंगाबादच्या समांतर जलवाहिनीचा वीस वर्षांचा करार २०११ मध्ये झाला, खाजगी कंपनीने सप्टेंबर २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. पाणीपट्टीत दरवर्षी दहा टक्के वाढ आधीच ठरवून ठेवलेली होती. घरोघरच्या पाण्याचा दर तपासणारा, अर्ज मागवून सुनावणी घेणारा आयोग तेथे नव्हता. करार करणारी महापालिकाच दर ठरवणारीही होती. लोकांना बोलण्याची संधी उपविधी मंजूर होताना एकदा मिळते, आणि त्यानंतर वाढ दरवर्षी आपोआप होत राहते.

धारूरची पाणीपट्टीही नगरपरिषदच ठरवते. वीजदराची सूचना वर्तमानपत्रात येते, पाणीपट्टीची नगरपरिषदेच्या फलकावर लागते, आणि तिच्यावरील हरकत ऐकणारी नगरपरिषदच असते.