भरवसा वाफशावर मोजायचा: जुनं डिझेल इंजिन आणि नवी गाडी



पारावर एक वाक्य कायम ऐकू येतं. "जुन्या इंजिनाला मरण नव्हतं, आताच्या गाड्या म्हणजे नुसता डबा." तरुण पोरं उलटं म्हणतात, "आबा, ते धूर ओकणारं धूड भंगारात घाला." दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात. हे इंजिन आलं कुठून, बदललं का, आणि शेतकऱ्यानं भरवसा मोजायचा कशावर, ते आज सविस्तर लिहितो. ट्रॅक्टर घेताना आणि जुनं इंजिन विकताना याचा उपयोग होईल.

जर्मनीपासून सातारा रोडपर्यंत

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना सोपी होती. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, मग तिच्यात तेल सोडायचं, ते ठिणगीशिवाय पेटतं. पण चालतं यंत्र तयार व्हायला पाच वर्षं गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये ऑग्सबुर्ग गावच्या कारखान्यात त्याची रीतसर चाचणी झाली. तेलातल्या उष्णतेचा २६ टक्क्यांच्या आसपास भाग कामाला लागला. त्या काळची वाफेची इंजिनं याच्या खूप मागं होती. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असंच एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

पहिली इंजिनं मात्र अजस्र होती. तेल फवारायला दाबाची हवा लागायची, तिच्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. एवढं लचांड विहिरीवर कोण नेणार? बॉश कंपनीनं १९२७ साली डिझेलचा इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या संख्येनं बनवायला घेतला, तेव्हा लहान इंजिनाचा रस्ता मोकळा झाला. आपण ज्याला सरसकट 'मायको पंप' म्हणतो, त्याची नाळ तिथं जुळते. ती मायको कंपनी बॉशच्याच साथीनं १९५१ साली बंगळुरूत सुरू झाली.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या डर्स्ली गावातल्या लिस्टर कंपनीनं एक संथ इंजिन बाजारात आणलं. एक सिलिंडर, दोन मोठी चाकं, वजन तीनशे किलोच्या वर. सुरुवातीला ५ एचपी, पुढं मिनिटाला ६५० फेऱ्यांवर ६ एचपी. इंग्लंडमध्ये ते १९८७ पर्यंत बनत होतं. त्याच्या नकला गुजरातेत राजकोटला इतक्या झाल्या, की 'लिस्टर टाइप' ही इंजिनाची जातच पडली. पिठाच्या गिरणीचा पुक-पुक आवाज ज्यांच्या कानात आहे, त्यांना हे इंजिन वेगळं सांगायला नको.

आपला सातारा-सांगलीचा भागही यात मागं नव्हता. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडला कूपर कारखान्यात स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजिनं बनली. त्याचे मालक धनजीशा कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथं लोखंडी नांगर बनले. पुढं १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. मिनिटाला १५०० फेऱ्यांचं, ५ एचपीचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन मग विहिरीविहिरीवर दिसायला लागलं.

मोट गेली, इंजिन आलं

इंजिनाआधी मोट होती. दोन बैल, एक माणूस, दिवसभर धावेवर येरझाऱ्या, आणि भिजायचं किती, तर काही गुंठे. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला. लोकांनी त्या आणखी खोल नेल्या. पण पंपाला पाणी ओढायची मर्यादा असते. सात-आठ मीटरच्या खाली पाणी गेलं की काठावरचा पंप ते उचलत नाही. म्हणून कित्येकांनी इंजिनच विहिरीत टप्पा काढून खाली उतरवलं. त्यात धोका मोठा, कारण धूर विहिरीतच साठतो आणि गुदमरून माणसं दगावतात. आजही कुणी असं करत असेल तर करू नका.

आमच्या वडिलांनी ५ एचपीचं इंजिन घेतलं ते याच काळात. मला हँडल मारायला जमलं सातवीत असताना. डोक्यावरची पट्टी उचलून धरायची म्हणजे हवा दाबली जात नाही, चाकाला गती आली की पट्टी सोडायची. हँडल वेळेवर निघालं नाही तर ते उलटं फिरून मनगट मोडतं. आमच्या आळीत दोघांचे हात असे मोडले होते. जुन्याचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवावं.

ते बंद पडायचं नाही, हे खरं नाही

ते बंद पडायचं, आणि बऱ्याचदा पडायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरायची. नोझल ठिबकायला लागलं की पांढरा धूर. रिंगा झिजल्या की निळा धूर आणि ऑइल पिणं. हेडचं गॅस्केट जळायचं. लायनर-पिस्टन बदलायचं काम ठराविक वर्षांनी यायचंच. आणि पाणी कमी पडलं की दोष इंजिनाला, पण खोट बहुतेक वेळा फुटव्हॉल्व्हमध्ये किंवा सक्शन पाइपात असायची.

पण यातलं बहुतेक सगळं डोळ्यांनी दिसायचं, कानाला कळायचं आणि हाताला लागायचं. हवा काढायला एक पाना पुरे. एकदा रात्री उसाला पाणी चालू असताना नोझलखालचं तांब्याचं वॉशर गळायला लागलं. वडिलांनी ते काढलं, चुलीत लाल केलं, पाण्यात टाकलं. तांबं असं केलं की मऊ पडतं आणि पुन्हा घट्ट बसतं. तासाभरात इंजिन सुरू. पंपाचा प्लंजर गेला, तर तो मात्र घरी होत नव्हता, पण तालुक्याला एसटीनं नेऊन संध्याकाळी परत आणता यायचा.

टिकायचं का? लोखंड चांगलं होतं म्हणून नाही

"तेव्हाचं लोखंडच वेगळं" असं लोक म्हणतात. आकडे बघा.

लिस्टरच्या ६ एचपीवाल्या इंजिनाचा सिलिंडर १४०० सीसीच्या थोडा वर भरतो. आता फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन घ्या. हे रांजणगावलाही बनत होतं, आणि स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा अशा गाड्यांत बसून गावोगाव फिरलं. ते १२४८ सीसी आणि ७५ एचपी. म्हणजे आकार लहान, काम बारा पटीच्या वर! लिस्टरचा पिस्टन सेकंदाला सुमारे ३ मीटर सरकतो, या गाडीचा पूर्ण ताकदीवर, ४००० फेऱ्यांना, सुमारे ११ मीटर.

जुनं इंजिन टिकायचं ते अंगापेक्षा फार कमी ओझं वाहत होतं म्हणून. जाड अंग, संथ चाल. आणि गाडीचं इंजिन तेवढं ताणूनही लाख-दोन लाख किलोमीटर आरामात जातं. धातू, ऑइल, फिल्टर, घडणीची अचूकता, सगळ्यात सुधारणा झाल्याशिवाय हे शक्य नव्हतं. तेव्हा नवं इंजिन कच्चं आहे हे म्हणणं बरोबर नाही.

आणखी एक. आज जी जुनी इंजिनं चालताना दिसतात, ती मागं उरलेली आहेत. जी लवकर मेली ती केव्हाच भंगारात गेली, त्यांची आठवण कुणी काढत नाही. उरलेल्यांवरून सगळ्यांची किंमत केली तर हिशेब चुकतो.

मग बदललं कशासाठी?

धुरासाठी. काळ्या धुरातले बारीक कण आणि नायट्रोजनचे वायू फुप्फुसाला घातक आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्या डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत चालत होतं, म्हणजे दहा लाखात १०,००० भाग. बीएस-४ मध्ये ते ५० वर आलं आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ पासून १० वर. ट्रॅक्टरचे नियम वेगळे आहेत. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू झालं. त्यामुळं मोठ्या ट्रॅक्टरात आता कॉमन रेल आणि कॉम्प्युटर आला. ५० च्या आतल्या बहुतेकांत मात्र अजून साधाच पंप आहे.

फरक समजून घ्या. आमच्या इंजिनाचं नोझल २०० बारच्या आसपास उघडतं. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. (मोटारसायकलच्या टायरात दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा.) एवढ्या दाबानं तेलाचं धुकं होतं, जळण स्वच्छ होतं, ताकद वाढते. पण नोझलची छिद्रं केसाएवढी बारीक. जुन्या इंजिनानं जे गढूळ डिझेल कुरकुरत का होईना पचवलं, ते नव्याच्या घशात अडकतं. पाण्याचा थेंब तर विषच.

खरा प्रश्न वाफशाचा

आता मुद्द्यावर येतो. ट्रकवाल्याचा भरवसा किलोमीटरवर मोजतात. शेतकऱ्याचा मोजायचा वाफशावर. जूनचा पाऊस झाला, रान वाफशावर आलं, की पेरायला तीन-चार दिवस मिळतात. त्या दिवसांत यंत्र चालू पाहिजे. बाकी वर्षभर ते किती वेळा कुरकुरलं, याला महत्त्व कमी.

मागच्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या वस्तीवरचा नवा मोठा ट्रॅक्टर पेरणीत उभा राहिला. बोर्डावर पिवळा दिवा आणि ताकद एकदम कमी. गावच्या मिस्त्रीनं डिझेल बघितलं, फिल्टर बघितला, सगळं ठीक. पुढं त्याचाही इलाज चालेना, कारण दोष बघायला लॅपटॉप लागतो. तो घेऊन माणूस आला तिसऱ्या दिवशी. एका सेन्सरच्या जोडणीत गंज चढला होता. पंधरा मिनिटांत काम झालं, खर्चही फार नाही. पण त्याच रात्री मोठा पाऊस पडला. घेवड्याची पेरणी अकरा दिवस लांबली. त्या माणसाचं नुकसान ट्रॅक्टरच्या बिलात कुठं दिसणार नाही, ते पोत्यांत दिसलं.

म्हणून माझं म्हणणं असं. भरवसा दोन तऱ्हेचा असतो. एक, यंत्र क्वचित बंद पडणं. यात नवं पुढं आहे. दुसरा, बंद पडल्यावर आपल्या शिवारात, आपल्या माणसाच्या हातानं लगेच सुरू होणं. यात जुनं पुढं होतं. त्या वर्षांत आपण धूर कमी केला, ताकद वाढवली, पण पाना आपल्या हातातून गेला. धूर कमी व्हायलाच पाहिजे होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोष वाचायचं यंत्र निदान तालुक्याच्या मिस्त्रीकडं असावं, आणि पेरणीच्या दिवसांत माणूस एका दिवसात यावा, ही मागणी आपण खरेदीच्या वेळीच केली पाहिजे.

कामाच्या गोष्टी

१) मोठा नवा ट्रॅक्टर घेताना मायलेजच्या आधी विचारा: बिघाड वाचणारा माणूस किती किलोमीटरवर आहे, आणि जूनमध्ये किती तासांत येतो? शक्य तर लेखी घ्या.

२) बॅरलमधलं डिझेल तळापासून घेऊ नका. पाणी आणि गाळ खाली बसतो. फिल्टरखालचा पाण्याचा नळ नियमानं सोडा.

३) ज्या गाडीत युरियाचं द्रावण लागतं, तिच्यात खताच्या पोत्यातला युरिया विरघळवून कधीही घालू नका. ते द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि शुद्ध पाण्याचं असतं. आपला युरिया २०१५ पासून बहुतेक नीमकोटेड आहे, त्यानं ती यंत्रणा चोंदते.

४) नव्या डिझेल गाडीला धूर गाळायची जाळी असते. वस्ती ते डेअरी एवढ्याच फेऱ्या झाल्या तर ती भरते. अधूनमधून हायवेला सलग चालवा म्हणजे साठलेली काजळी जळते.

५) घरी जुनं चालतं इंजिन असेल आणि विजेचा भरवसा नसेल, तर भंगाराच्या भावात घाईनं देऊ नका. महिन्यातून एकदा सुरू करा, ऑइल बदला, आणि घरातल्या एका तरी पोराला हवा काढायला आणि नोझल ओळखायला शिकवा. माणूस तयार नसेल तर त्या इंजिनाचा भरवसाही गेला समजा.

तुमच्याकडं कोणतं इंजिन आहे, किती वर्षांचं, आणि शेवटचं कशानं थांबलं होतं, ते कळवा. आमच्याकडं आता आल्याची भर लावायचं काम सुरू आहे, उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.