सात-बारा : एकमेकींत गुंफलेल्या नोंदींचा इतिहास

१/६ भातसेच्या काठचे खडवली हे कल्याण तालुक्यातील गाव. समजा, तेथील एक खातेदार निवर्तला. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन विवाहित मुली. मृत्यू एकाचा, परंतु त्यामुळे गावच्या अनेक नोंदवह्या बदलाव्या लागतात. त्या परस्परांशी सुसंगत कशा राहतात?

२/६ मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत आली. १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली गेली. ‘सात-बारा’ म्हणजे दोन गाव नमुन्यांची जोडी : नमुना ७ मध्ये जमिनीवरील हक्क, नमुना १२ मध्ये पिके. खातेदाराची एकूण जमीन ८अ मध्ये, वारस ६क मध्ये आणि हक्कातील प्रत्येक बदल नमुना ६ मध्ये, म्हणजेच फेरफारात.

३/६ क्रम महत्त्वाचा. आधी ६क मध्ये वारस, मग फेरफाराला क्रमांक. चावडीवर प्रत लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आल्यास ती ६अ मध्ये. नोंद प्रमाणित झाल्यावरच वारसांची नावे सात-बारावर चढतात आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. हस्तलिखित उताऱ्यात जुने नाव खोडत नसत, कंसात ठेवीत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा माग काढता येतो.

४/६ आजच्या संगणक-अभियंत्यांपुढेही हाच प्रश्न असतो. जँगोसारख्या वेब फ्रेमवर्कमध्ये मुख्य नोंद आणि तिच्या उपनोंदी एकाच अर्जात भरता येतात. मात्र मुख्य नोंदीला क्रमांक मिळाल्यावाचून उपनोंद तिला जोडता येत नाही. मधली पायरी फसली, तर सारेच बदल मागे घेण्याची सोय ठेवता येते. राज्याच्या ई-फेरफार प्रणालीतही फेरफार प्रमाणित झाला की त्याचा परिणाम सात-बारा आणि ८अ या दोहोंवर होतो.

५/६ पण साखळी कितीही चोख असली, तरी पहिल्या कडीत जे नाही ते पुढे येत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला पित्याच्या मिळकतीत वारस मानले. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हक्क राज्याने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये दिला. तरीही बहिणींची नावे वारसनोंदीतून गळत, किंवा कब्जेदाराऐवजी ‘इतर हक्क’ या रकान्यात जात. ६क मध्ये सुटलेली बहीण फेरफारात नसते, म्हणून सात-बारावरही नसते. जमीन विकली जाते, तेव्हा खरेदीदार तोच उतारा पाहतो.

६/६ आपल्या घरचा जुना उतारा काढा. नावाशेजारचा फेरफार क्रमांक घेऊन तो फेरफार वाचा आणि त्यात कोणाचे नाव नाही, तेही पाहा. घराण्याचा इतिहास तेथूनच सुरू होतो.